खंडेनवमीला कापलेली कार्डं

मी कात्री बोलतेय, पण आधी मला तोंड धुऊन घेऊ द्या. तीन वर्षं होऊन गेली तरी त्या प्लॅस्टिकची चव पात्यांवरून जात नाही. शी! कापड कापणारीनं काय काय तोंडात घ्यायचं याला काही मर्यादा असते की नाही?

माझा जन्म मेरठचा. मोडीतलं पोलाद तापवून, ठोकून मला घडवलं. हातोड्याचा मार खाल्ला, दगडावर घासून घेतलं, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. भुसावळच्या एका गृहस्थांनी मला विकत घेतलं आणि लेकीच्या रुखवतात ठेवलं. ती लेक म्हणजे द्वारका. तिचा नवरा पंढरीनाथ रेल्वेत. त्याच्या बदल्यांबरोबर गावं बदलत आम्ही जयपूरला आलो. स्टेशनजवळ रेल्वे कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीशी शिलाई मशीन आणि मशीनच्या खणात मी.

द्वारकाचा हात म्हणजे काय सांगू! दोनदा मोजेल, खडूनं आखेल आणि मग एकदाच कापेल. मला रिकामी कधी चालवली नाही, घरात भांडणं होतात म्हणून. कॉलनीतल्या मारवाडणी, पंजाबणी, आपल्या मराठी बायका, सगळ्या तिच्याकडे ब्लाउज शिवायच्या. धार गेली की मला चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, चांदपोलकडच्या धारवाल्याकडे न्यायची आणि तो चाक फिरवत असताना समोर उभी राहायची. असं माझं सोन्यासारखं चाललं होतं.

पंढरीनाथ पार्सल ऑफिसात क्लार्क. माणूस वाईट नाही, मारझोड नाही, दारू नाही. पण हौस! दोन हजार तीन साली पवन नावाचा एक पोरगा गळ्यात टाय बांधून, बँकेच्या क्रेडिट कार्डाचा फॉर्म घेऊन दारात आला. उन्हानं घामाघूम झालेला, तोंडात मात्र साखर.

"अंकलजी, बस एक साइन. पहले साल कोई फीस नहीं."

पहिल्या वर्षी फी नाही म्हणजे दुसऱ्या वर्षी आहे, एवढं मशीनच्या खणात पडल्यापडल्या मला कळलं. याला नाही कळलं! द्वारकानं पवनला पाणी दिलं आणि विचारलं, "अहो, पण हे पैसे शेवटी भरायचे कुणी?" पंढरीनाथ हसला. "तुला नाही समजायचं त्यातलं."

मग काय विचारता! मोठा फ्रिज आला. माउंट अबूची सहल झाली. मेहुणीच्या लग्नात द्यायला जौहरी बाजारातून कानातले आले. एकाची तीन कार्डं झाली. आणि बिल आलं की गडी खालचा बारीक आकडा, कमीत कमी भरायचा तेवढाच, भरून मोकळा. तेवढाही नसला की दुसऱ्या कार्डावर पैसे उचलायचे आणि पहिल्याचं तोंड बंद करायचं. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर! वर जेवताना बोटं चाटत सांगायचा, "सगळं मॅनेज केलंय." मला तर त्या बोटांची शिसारी यायला लागली होती.

पुढे फोन सुरू झाले. वसुलीवाल्यांची ती भाषा! द्वारकानं एकदा फोन घेतला आणि रिसीव्हर तसाच हातात धरून उभी राहिली, कानापासून लांब. त्यांची दहावीतली लेक मोनाली समोर अभ्यास करत होती. तिनं विचारलं, "मम्मी, कौन आहे?" द्वारका म्हणाली, "चुकून लागलाय." माणसं पैशापायी दुसऱ्याच्या बायकोला असलं बोलतात! मी नुसती लोखंडाची, पण मला किळस आली.

शेवटी पंढरीनाथनं एक शहाणपणा केला, तोही मी सांगते, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. एका बँकेतून पर्सनल लोन काढलं, तिन्ही कार्डांचं देणं त्यातून फेडलं, आणि राहिला एकच हप्ता, तीन वर्षांचा. कार्डांपेक्षा व्याजही बरंच कमी. "दगडापेक्षा वीट मऊ," द्वारका म्हणाली आणि कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली. इथंच थांबला असता तर आज मी कशाला बोलत बसले असते?

पण त्याला सोहळा हवा होता.

दोन हजार चारची खंडेनवमी. द्वारकानं मशीन पुसलं, मला तेल लावलं, पात्यांवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्या दिवशी हत्याराला विश्रांती असते, लेकरालाही ठाऊक असतं. आणि हा बाबा आला, मला पाटावरून उचललं आणि म्हणाला, "मोनाली, इकडं ये! आज पप्पा सीमोल्लंघन करणार!"

"अहो, सीमोल्लंघन उद्या. आज कात्रीला हात लावू नका," द्वारका म्हणाली.

"शुभस्य शीघ्रम्!"

कचकच कचकच! तिन्ही कार्डं माझ्या तोंडात कोंबली. ओल्या कुंकवात प्लॅस्टिकचा सोनेरी चुरा कालवला गेला, पात्यांवर दात पडले. मोनालीनं टाळ्या वाजवल्या. "मतलब, आता सगळं खतम?"

"खतम! आमच्या ऑफिसात जुन्या ओळखपत्राचा कोपरा कापला की ते मेलं. मग त्याला कुणी विचारत नाही."

बँकेला एक फोन? नाही. खातं बंद करा म्हणून अर्ज? नाही. कापलं ना, मग झालं. दोन कार्डं बिनफीची होती, ती मुकाट पडून राहिली. तिसरं पवनचं, त्याची वर्षाची फी लागायचीच होती. ती लागली. पाचशे रुपये. त्यावर दंड, दंडावर व्याज, व्याजावर पुन्हा दंड. बँकेचीही लाज बघा, न वापरलेल्या कार्डाची फी मागताना जीभ झडत नाही मेल्यांची! पाकिटं यायची, तर हा न फोडताच फाडायचा. "मेलेल्याची पत्रं," म्हणायचा. फोन आला तर ऐटीत सांगायचा, "आमच्याकडे कार्डच नाही. कापलं!" आणि ठेवून द्यायचा. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर काय तोंडाला फोड येणार होते?

इकडे लोनचा हप्ता मात्र एकदाही चुकला नाही. तो द्वारकामुळे. रात्रंदिवस शिवणकाम. माझे दात धारवाल्यानं घासून काढले, पण मी बारीक झाले ती झालेच. दोन हजार सातमध्ये लोन फिटलं. त्यातूनही तिनं शिलाईचे पन्नास हजार बाजूला टाकले होते, कसे ते तिचं तिला माहीत.

तेवढ्यात क्वार्टरवर रेल्वेची तंबी आली: इथं धंदा चालणार नाही. द्वारका घाबरली नाही. दुर्गापुऱ्यात तळमजल्यावरचा एक फ्लॅट तिनं हेरून ठेवला होता. पुढची खोली रस्त्याला, स्वतंत्र दार. तिथं तिचं दुकान होणार होतं. पन्नासच्या पन्नास हजार तिनं बिल्डरला इसार म्हणून दिले. दोन महिन्यांत होमलोन आणायचं, नाहीतर इसार बुडाला. कॉलनीतल्या बायकांना तिनं सांगूनसुद्धा टाकलं, "दिवाळीनंतर दुकानात या हं." इतकी वर्षं तिच्या बोटांत राहिले, पण तिची बोटं अशी हलकी मी कधी पाहिली नव्हती.

पंढरीनाथनं होमलोनचा अर्ज टाकला त्या बँकेतले आनंदराव महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचे. ऑफिसात सांगायला नको म्हणून संध्याकाळी घरीच आले. चहा घेतला नाही, त्यावरूनच मी ओळखलं.

"पंढरीनाथ, लोन नामंजूर झालंय. सिबिलमध्ये तुमचा स्कोअर फार खाली आहे."

"कसा असेल? सगळी कार्डं एकत्र करून फेडली की मी!"

"ते उत्तम केलंत. तो हप्ता वेळेवर भरल्याची नोंद आहे, ती तुमच्या बाजूनंच बोलते. पण एक कार्ड तीन वर्षं थकलेलं दिसतंय. बारा हजार."

"अहो, कापलं होतं हो मी ते! खंडेनवमीला! विचारा हिला!"

आनंदराव बिचारे खाली बघत म्हणाले, "घराची किल्ली मोडली म्हणून घर पडतं का? खातं चालूच होतं. आता पैसे भरा, बंद केल्याचं लेखी घ्या. पण हा डाग लगेच जायचा नाही. काही वर्षं दिसत राहणार."

"तेव्हाच का नाही सांगितलं कुणी?" पंढरीनाथ ओरडला. याला! तीन वर्षं पाकिटं फाडणाऱ्याला! मला इतकी घाण वाटली की खणातून उडी मारून त्याच्या पायावर पडावंसं वाटलं, टोकाकडून.

द्वारकानं एकच विचारलं, "आनंदराव, इसार?"

आनंदरावांनी चपला पायांत सरकवल्या.

दोन महिने उलटले. इसार बुडाला. पुढच्या खोलीत आता कुणाचं तरी ब्युटी पार्लर आहे. बारा हजार भरले, तेही द्वारकानंच, हातातली एक बांगडी मोडून. आणि त्या कार्डवाल्या बँकेचा निर्लज्जपणा पाहा. पैसे पोचल्याबरोबर धन्यवादाचं पत्र आणि सोबत नवं कोरं कार्ड!

ही कालचीच गोष्ट. द्वारका जमिनीवर कापड पसरून बसली होती, मी तिच्या हातात. पंढरीनाथ ते कार्ड चिमटीत धरून दारात उभा राहिला.

"द्वारका, कात्री दे जरा."

ऐकलंत? अजून अक्कल नाही! लोकहो, तुमच्या पाया पडते. देणं असेल तर बँकेची पायरी चढा, तोंडानं बोला, खातं बंद झाल्याचं लिहून घ्या. आम्हा कात्र्यांना यात ओढू नका. आमच्यानं कापणं होतं, फेडणं होत नाही.

द्वारकानं मान वर केली नाही. "कात्री कामात आहे. तुम्ही बँकेत जा. बंद झाल्याचा कागद घेऊनच घरी या."

तो घुटमळला. मग त्याचं लक्ष कापडाकडे गेलं. सांगानेरी छापाचं, निळ्या बुट्टीचं, चांगलं सहा मीटर. द्वारका त्यावर उशांच्या अभ्र्यांची मापं आखत होती. कुणाची तरी डझनाची ऑर्डर होती.

"अगं, हे कापड... हा तुझ्या दुकानाचा पडदा ना?"

"होता," ती म्हणाली आणि तिनं मला चालवलं.