पेनड्राइव्हमधला सायरन

माझ्या धाकट्याचं, धम्मरत्नाचं लग्न झालं, त्या वर्षी मेडशीत आमच्या घरी कॉम्प्युटर आला. सून मंजुषानं आणला. माझ्या बायकोनं, बेबीनं गायलेली भीमगीतं तिनं त्यात भरून ठेवली. पुढं बेबीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मग ती त्या कॉम्प्युटरपुढं बसून स्वतःचंच गाणं ऐकायची.

मंजुषा माहेरी कारंजाला गेली होती, तेव्हा कॉम्प्युटर तपासून देतो म्हणत एक टायवाला विक्रेता आला. अख्खी वस्ती आमच्या ओसरीत जमली. त्यानं पेनड्राइव्ह लावला, तसा सायरन वाजला आणि पडद्यावर लाल अक्षरं धावू लागली.

“काका, व्हायरसच व्हायरस! हा विजेच्या तारेतून शेजारच्या फ्रिजमध्ये घुसतो.”

“आमच्या फ्रिजात?” शेजारची लखमा ओरडली.

“त्यात असते काय तुह्या? बर्फ!” वस्तीतला इंद्रभान म्हणाला. लोक हसले, पण मागंही सरले.

आम्ही भगताला वेशीवरून परत धाडणारी माणसं. पण याच्याजवळ लिंबू नव्हतं, अंगारा नव्हता, कॉम्प्युटर होता. म्हणून आम्हाला ते विज्ञान वाटलं. उतारवयात अक्षरं शिकलेला मी, लिहिलेलं दिसलं की खरंच मानायचो.

“रोग या गाण्यांतच आहे. पुसावी लागतील,” टायवाला म्हणाला.

बेबीनं माझा हात धरला. मानेनं नाही म्हणाली.

“तुले काय समजते त्यातलं?” मी चारचौघांत बोललो. “पुसा, साहेब.”

सायरन थांबला, पडदा हिरवा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो पेनड्राइव्ह मी अँटिव्हायरस म्हणून विकत घेतला.

मंजुषा परतली. तिनं पेनड्राइव्ह लावला. सायरन वाजला. तिनं एक बटन दाबलं, तशी लाल अक्षरं जागीच थांबली, सायरनही. पुन्हा दाबलं, पुन्हा धावली.

“बाबा, हा नुसता व्हिडिओ हाय. कोन्त्याबी कॉम्प्युटरले लावा, हेच दिसते. खरा अँटिव्हायरस कॉम्प्युटरसंगच आला होता, फुकट. त्यानं थोच बंद करून ठेवला.”

“अन् गाणी?”

तिनं गाण्यांची जागा उघडून दाखवली, रिकामी होती. बेबीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. जिला आवाज उरला नव्हता, तिलाच मी गप्प बसवलं होतं.

अँटिव्हायरस जरूर वापरा, पण भीती दाखवून विकणाऱ्याकडून घेऊ नका. त्याला म्हणा, हेच कोऱ्या कॉम्प्युटरवर लावून दाखव. जपायचं असेल ते आणखी एका जागी ठेवा. आणि घरातलं माणूस नाही म्हणत असेल, तर काहून म्हणते ते विचारा.

माझी बायको बेबी २०२४ च्या बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारली.