बिनचिठ्ठीची बाटली

कंपाउंडरसाहेबांनी बाटली उजेडाकडे धरली. "हिच्यावर चिठ्ठी कुठंय? बिननावाचं औषध मी कुणाच्या तोंडाला लावत नाही. निघा!" आणि चमचा भिंतीवर भिरकावला.

म्हातारीने तो उचलला. चाळीस वर्षं या माणसाने दवाखान्याच्या खिडकीतून अर्ध्या वस्तीला औषधं दिली. आता त्यांना तीही, स्वतःची बायको, ओळखू येईना. दुपार कलली की 'दवाखाना उघडायचाय' म्हणून दाराकडे निघायचे, अडवलं की हात उगारायचे. परवा लेकीच्या दंडावर वळ उठला. डॉक्टरांनी गांजापासून काढलेलं तेल लिहून दिलं. "सगळ्यांना लागू पडतं असं नाही. फार झोप आली, तोल गेला, तर लगेच कळवा."

लेक म्हणाली होती, "महिनाभर बघू, आई. नाहीतर बाबांना संस्थेत ठेवावं लागेल."

आणि बाटलीवरची चिठ्ठी म्हातारीनेच कोमट पाण्यात भिजवून काढली होती. 'गांजा' शब्द शेजारीण वाचेल म्हणून!

"भोगा आता," लेक कपाळाला हात लावून म्हणाली.

म्हातारीला ती खिडकी आठवली. सतराव्या वर्षी वडिलांच्या खोकल्याचं औषध आणायला ती तिथे उभी राहायची. हे कागदाची पट्टी कातरायचे, एका डोसाला एक खाच, आणि खळीने बाटलीवर चिकटवायचे. तिच्या बाटलीला अंमळ जास्तच वेळ लागायचा. खोकला गेल्यावरही ती दोनदा जाऊन आली होती.

तिने पिठाची खळ शिजवली, कागद कातरला आणि ठळक अक्षरात लिहिलं: गांजाचं तेल. दोन थेंब, जिभेखाली, दुपारी चार वाजता. खाली रोग्याचं नाव.

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. नावावर बोट थांबलं.

"हा तर मीच की!"

"तुम्हीच."

"मग इतका वेळ खिडकीशी ताटकळत का ठेवलंत, बाई?" असं म्हणून त्यांनी आ केला.

पहिले आठ दिवस काही फरक दिसला नाही. बाराव्या दिवशी ते दाराशी गेले, कडीवर हात ठेवला.

"बाबा, आज दवाखान्याला सुट्टी आहे," लेक जपून, चार पावलं लांबूनच म्हणाली.

त्यांनी विचार केला आणि येऊन खुर्चीत बसले. लेकीने संस्थेचा अर्ज खणात ठेवला. फाडला मात्र नाही.

जरा वेळाने ते म्हातारीकडे वळले. "वडिलांचा खोकला कसा आहे?"

तिने हातातला कप खाली ठेवला. "केव्हाच गेला."

"मग रोज कशाला येता?"

"पट्टी कातरून घ्यायला," म्हातारी म्हणाली, आणि कात्री शोधायला उठली.