सगळ्यात मागून आलेलं ‘चालू’

वालूरच्या शिवारातली ती विजेची डीपी एका वेळी दोनच मोटरी ओढायची आणि तिच्यावर मोटरी होत्या तीन : किशनरावांची, त्यांचा पुतण्या भुजंगची आणि भावकीतल्या धुरपताबाईंची. म्हणून मोबाईलवर ग्रुप काढला. मोटर लावली की ‘चालू’ टाकायचं, थांबवली की ‘बंद’. दोन ‘चालू’ दिसले की तिसऱ्यानं थांबायचं. नियमात खोट काढायला जागा नव्हती. रेंज तेवढी शिवारात नव्हती. रानातून सकाळी टाकलेला मेसेज दुपारची भाकर खाऊन झाल्यावर पोचायचा.

यावर काका-पुतण्यांनी तोड काढली. गावात रेंज फुल्ल, तेव्हा घरी चहा पितानाच ‘चालू’ टाकून मोकळं व्हायचं आणि मग सवडीनं रानात जायचं. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसं. धुरपताबाईंचं घरच रानात. त्या रोज दोन ‘चालू’ वाचायच्या आणि थांबायच्या. त्यांची मोसंबी मात्र थांबायला तयार नव्हती. चैत्रात फळं गळायला लागली.

त्या दिवशी लाईट लवकर आली. बाई दोघांच्या विहिरींवर जाऊन आल्या. मोटरी बंद, माणूस न्हाई. मोबाईलवरही काही आलेलं नव्हतं. त्यांनी आपली मोटर लावली, ‘चालू’ टाकलं. बोअरची मोटर, बाहेर आवाज नाही. थोड्या वेळानं काका आले, पुतण्या आला. दोघांनी आपापली बटणं दाबली. डीपीतून धूर निघाला.

तिघं डीपीखाली जमले. भुजंग म्हणाला, काकूनं जरा विचारायचं तरी. बाईंनी किशनरावांकडं पाहिलं.

“भावजी, मी तुमच्या आधी लावली. तुमच्या मोटरी बंद व्हत्या, डोळ्यानं पाह्यलं मी.”

“वहिनी, डोळ्याचं कोण धरतंय? मोबाईलमदी तुमचं ‘चालू’ सगळ्यात मागून आलंय. आमी तर घरूनच टाकलं व्हतं.”

म्हणाले ते खरंच होतं. काका कधी खोटं बोलत नाहीत, वेळेत बोलतात.

नवी डीपी कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. पण आली तर तिच्यावर दोनच मोटरी ठेवायच्या, हे पारावर ठरलं आणि रीतसर ग्रुपवर टाकलं गेलं.

बाईंना ते दुसऱ्या दिवशी पोचलं, तेव्हा त्या गळालेली मोसंबी वेचत होत्या. त्यांनी खाली लिहिलं, ‘माझी झाडं जळायलीत.’

ते अजून कुणाला पोचलेलं नाही.