विभागप्रमुखांची कोरी बोटं

विभागप्रमुखांच्या बोटांवर एकही डाग नव्हता, आणि दुपारी परीक्षक येणार होते.

पेरूच्या पानांचा काढा चांदीच्या क्षारात ओतला की मिश्रण हळूहळू तपकिरी होतं. त्यात तयार झालेले चांदीचे अतिसूक्ष्म कण जंतूंचा खातमा करतात. हे सगळं विभागप्रमुखांच्या सुनेनं केलं होतं. ती सासऱ्यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन करायची. पारितोषिकाच्या अर्जावर मात्र नाव एकट्या सासऱ्यांचं. घरातलं नाव घरातच राहतं, असं त्यांचं म्हणणं.

अडचण एवढीच, की म्हातारे परीक्षक फोनवर हसत म्हणाले होते, "चांदीवाल्याची बोटं बघितली की कळतं मला, काम कुणी केलंय ते." सुनेची बोटं त्या क्षारानं वर्षभर काळी होती. "जेवायला बसताना तरी हात झाकत जा गं," असं सासरेच तिला सुनावायचे.

सकाळी त्यांनी प्रयोगशाळेला आतून कडी लावली आणि चांदीच्या क्षाराचं द्रावण बोटांना चोपडलं. काहीच दिसेना. पुन्हा चोपडलं. बोटं कोरी करकरीत. कपाळाला घाम फुटला, तो त्याच बोटांनी पुसला, नाक खाजवलं, हनुवटीला हात लावून विचार केला. हा डाग उजेड लागल्यावर सावकाश उमटतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. विभागप्रमुख पहिल्या वर्षाला शिकवत नसत.

मग पाहुण्यांच्या स्वागताला ते फाटकापाशी उन्हात जाऊन उभे राहिले. गाडी उशिरा आली.

परीक्षकांनी बोटांकडे पाहिलंच नाही. ते आधी कपाळाकडे बघत राहिले, मग नाकाच्या शेंड्याकडे.

"काम तुम्ही स्वतः केलंत?"

"हो, मीच..." म्हणता म्हणता विभागप्रमुख गाडीच्या काचेत स्वतःला दिसले. "म्हणजे, आम्ही."

"असं." परीक्षक सुनेकडे वळले. "पानं कोवळी घेतेस की जून, मुली?"

ती सांगत राहिली. सासरे तोंडाला रुमाल लावून उभे. शिपायाला वाटलं, साहेबांची दाढ ठणकतेय. त्यानं लवंग आणून दिली. त्यांनी ती निमूटपणे चघळली.

संध्याकाळी घरच्या न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता.

"बाबा, घासू नका," सून दाराबाहेरून म्हणाली. "साल निघेल, डाग नाही निघायचा. कातडी बदलली की जातो आपोआप."

"तोवर काय करायचं?"

"मी तर हात झाकायचे."

नळ बंद झाला.

"उद्या परीक्षकांना फोन करतो," ते आतून म्हणाले. "काम तुझं आहे. अर्जावर नाव तुझं हवं होतं. सांगतो सगळं."

"करा ना. पण साधाच करा, बाबा. व्हिडिओ नको."