ब्रेकवरचा पाय

नातेवाइकाच्या गाडीला हात लावू नये, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. आणि ताईच्या गाडीला रिमोट स्टार्टर बसवला तो मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

हौस नव्हती, गरज होती. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. चार तास त्या खुर्चीत काढून बाहेर आले की त्यांना हुडहुडी भरते. त्यात थंडगार गाडीत बसवलं की दात वाजायला लागतात. म्हणून ताईनं विचारलं, गाडी लांबूनच चालू करून आधी गरम करून ठेवता येते का रे? येते, म्हटलं. बटण दाबायचं, इंजिन चालू, हीटर चालू. अर्ध्या दिवसाचं काम. डॅशबोर्डखाली उताणा पडून मी ते उरकलं. वायरचे रंग बघायचे आणि जोडत जायचं. माझे उस्ताद कुठलीही वायर तोडण्याआधी तिला तपासणीचा दिवा लावून बघायचे, हीच ना ती म्हणून. मी ते कधीच सोडलं होतं. तीस वर्षांत माझा रंग चुकला नव्हता, मग खात्री कसली करायची?

चौथ्या दिवशी ताई माझ्या वायरिंगच्या दुकानात हजर. "अरे, मागचे ब्रेकचे दिवे सारखे जळतात म्हणे. सिग्नलला एक जण काच खाली करून ओरडला माझ्यावर."

मी गाडीच्या मागे उभा राहिलो आणि बायकोला पेडल दाबायला लावलं. बायको दुकानातच असते. सामान, फोन, माझा राग, सगळं तीच सांभाळते. पेडल दाबलं की दिवे लागत होते, सोडलं की विझत होते. तरी मी पेडलचा स्विच बदलून दिला. दोन दिवसांनी ताई परत, तीच तक्रार घेऊन. बल्ब बदलले, होल्डर घासले, फ्यूज काढून घातला. दुकानात सगळं ठणठणीत आणि घरून निघाली की रडगाणं सुरू! तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. सकाळपासून दोन गाड्यांखाली पडून कंबरेचा काटा ढिला झाला होता.

"ताई, गाडीला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "तूच ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस."

"असेल बाबा," ती म्हणाली. "हल्ली माझं लक्ष ठिकाणावर नसतं."

पुढच्या सोमवारी दवाखान्याच्या वाटेवर तिला मागून टेम्पोनं ठोकलं. टेम्पोवाल्याचं म्हणणं एकच होतं, "बाईंचे दिवे केव्हाचे जळतच होते, त्या थांबल्या हे मला कळणार कसं?" वेग फार नव्हता, पण भाऊजींचा सुई लावायचा हात दारावर आपटला आणि कोपरापासून काळानिळा झाला. नस वाचली हे नशीब. ती गेली असती तर डायलिसिसच अडलं असतं.

संध्याकाळी ताई लोंबकळता बंपर घेऊन दुकानात आली. सवयीनं रिमोट दाबून गाडीला कुलूप लावलं आणि तो रिमोट किल्लीसकट माझ्या टेबलावर ठेवला.

"विकून टाक. मी नाही आता चालवणार. माझ्या पायापायी आज त्यांचा हात गेला असता."

"मग भाऊजींना नेणार कोण?"

"बघू. आठवड्यातून तीन दिवस कुणाचे तरी पाय धरायचे." ती टेबलापाशीच स्टुलावर बसली. चौदा वर्षं गाडी चालवणारी माझी बहीण, आणि किल्लीकडे बघेना.

बायको गाडीच्या पुढे उभी होती. "अहो," ती म्हणाली, "कुलूप लागताना पुढचे दिवे का नाही लुकलुकले? मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला तेवढाच."

कुलूप लागताना पार्किंगचे दिवे लुकलुकायला हवेत, पुढे दोन आणि मागे दोन. इतक्या वेळा गाडी दुकानात आली आणि दर वेळी मी मागेच उभा! खणाच्या तळातून उस्तादांचा तपासणीचा दिवा शोधून काढला आणि डॅशबोर्डखाली शिरलो. बायकोनं टॉर्च धरला.

"ही जांभळी ना?" मी वायर चिमटीत धरून विचारलं.

"तपकिरी आहे ती. जांभळी शेजारची."

मला दोन्ही सारख्याच मळकट दिसत होत्या. वर्ष झालं, डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालंय. बायकोला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. भीती वाटत होती हो! वायरमनचा डोळा गेला की दुकान गेलं.

तपासणीच्या दिव्यानं उरलेलं सांगितलं. पार्किंगची आणि ब्रेकची, दोन्ही वायर मी उलट जोडल्या होत्या. रिमोटनं गाडी चालू केली की ब्रेकचे दिवे लागून राहायचे. पहिला ब्रेक दाबला की स्टार्टरनं ते विझवायला हवे होते, पण ब्रेक दाबल्याचं त्याला कळायची वायरच चुकीच्या जागी. वीस मिनिटांनी ते आपोआप विझायचे. आणि दुकान ताईच्या घरापासून अर्ध्या तासावर, म्हणून इथं येईतो सगळं ठणठणीत.

अदलाबदल करायला दहा मिनिटं लागली. वर टेप गुंडाळला. आता कुणाच्या बापालाही कळलं नसतं. बायको टॉर्च धरून उभी होती. मी गप्प राहिलो असतो तर दुकान राहिलं असतं आणि ताईची गाडी विकली गेली असती.

मी आत गेलो. "ताई, तुझा पाय नव्हता ब्रेकवर. मी वायर उलट्या जोडल्या. मला रंग नीट दिसत नाहीत, वर्ष झालं."

तिचे डोळे भरून आले.

"मेल्या! अरे, आठ दिवस मी मांडीला चिमटे काढत गाडी चालवली. यांना रोज म्हणत होते, मी एक दिवस तुम्हाला मारून टाकणार. तू म्हणालास म्हणून मी खरं मानलं. गाडीतलं तुला कळतं म्हणून!"

चुकलो, एवढंच म्हणालो, तेही तोंडातल्या तोंडात.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि टेबलावरची किल्ली उचलली. "बंपर दोरीनं बांधून दे. बुधवारी सकाळी तुला घ्यायला येते. डोळ्यांचा डॉक्टर त्याच दवाखान्यात बसतो."

"आणि दुकान?"

"बंद राहील," बायको म्हणाली. "कुलूप मी लावते."

बुधवारी ताईनं घरून निघतानाच रिमोटनं गाडी चालू केली होती, त्यामुळे आत ऊब होती. पुढे भाऊजी शालीत हात गुंडाळून बसले, मी मागे. पहिल्या सिग्नलला ताईनं ब्रेक दाबला आणि मागे न बघता जोरात म्हणाली, "दाबला."

भाऊजी हसायला लागले. मी मान वळवली. मागच्या काचेला आतून चिकटलेला ब्रेकचा तिसरा दिवा मला धुरकट दिसत होता, पण लाल झालेला कळत होता.

"लागला," मी म्हणालो.

"सोडला."

"विझला."

दवाखाना येईपर्यंत ती दर सिग्नलला विचारत राहिली आणि मी मागे बघून सांगत राहिलो.