थीम बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरात लग्नाची मुलगी नाही. तरीही गेलं वर्षभर बहुतेक रविवारी बघण्याचा कार्यक्रम होत होता. पाहुणे यायचे, कोचावर बसायचे, मी चुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा आणून ठेवायची. मग माझे यजमान, गौरीशंकर, खुर्ची सरकवून कॉम्प्युटर चालू करायचे. बघायची असायची ती थीम. म्हणजे माझ्या ब्लॉगचं वरचं रूप: रंग कुठला, अक्षर केवढं, फोटो डावीकडं की उजवीकडं.

ब्लॉग माझा, हे मुद्दाम सांगते, कारण बघायला येणाऱ्यांच्या ते लक्षात राहायचं नाही. मी उमरग्यात एका शाळेत मराठी शिकवते आणि फावल्या वेळात लिहिते. कथा-कादंबऱ्या नाही, घरातली, नात्यातली, बाजारातली माणसं जशी दिसतात तशी. हे कुणीतरी वाचावं असं मला फार वाटायचं. म्हणून एकदा जेवताना म्हणाले, ब्लॉग काढू या का. आणि तिथंच फसले, कारण यजमान म्हणाले, “ते माझ्यावर सोड.”

यजमानांचं हायवेला बोअरच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान आहे. त्यांचा एक नियम आहे: मोटार गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी दुकानातल्या हौदात सोडून चालवून बघायची. चांगला नियम आहे, त्यांचं नाव त्यामुळंच आहे. तोच त्यांनी माझ्या ब्लॉगला लावला. यूट्यूबवर बघून बघून त्यांनी घरातल्या बिलांच्या कॉम्प्युटरवर अशी व्यवस्था बसवली, की ब्लॉग इंटरनेटवर न टाकता घरच्या घरी जसाच्या तसा चालवून बघता यावा. बिघडला तर घरात बिघडेल, चारचौघांत शोभा नको. हेही शहाणपणाचंच. फक्त मोटार ते दहा मिनिटांत बाहेर काढतात. माझा ब्लॉग वर्ष झालं तरी हौदातच होता.

कारण थीमा संपत नाहीत. एक बसवली की दुसरी जास्त गोरी दिसते. एकीचं कपाळ मोठं, एकीची बाजूची पट्टी आखूड, एक उघडायला वेळ लावते. मोबाईलवर कशी दिसेल हे बघायला यजमान माउसनं खिडकी दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करायचे आणि मान तिरकी करून बघत बसायचे. खरा मोबाईल शेजारीच चार्जिंगला लावलेला असायचा. त्यांचे डोळे जितके त्या अक्षरांवर फिरले तितके स्वतःच्या लग्नाच्या अल्बमवरही फिरले नसतील. पण अक्षरांत काय लिहिलंय हे त्यांनी वर्षभरात एकदाही वाचलं नाही. “आधी साचा पक्का होऊ दे,” म्हणायचे.

बघायला येणाऱ्यांचं तर काय सांगावं! सासरे आप्पा म्हणाले, “वर विभूती लावलेला माझा फोटो पाहिजे.” समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष बसप्पा काका म्हणाले, फोटो ठीक आहे, पण त्याखाली दुकानाचा नंबर टाका, गिऱ्हाईक वाढेल. आणि जळकोटला दिलेल्या माझ्या नणंदबाई उमादेवी अक्का स्क्रीनजवळ नाक नेऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अक्षर वळणदार हाय बग. लई छान.”

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण अक्कांच्या नाकासमोर जो लेख होता तो अक्कांवरच होता.

रिकाम्या थीमवर काही कळत नाही म्हणून यजमानांनी माझा ‘फिरती साडी’ हा लेख त्यात भरला होता. अक्का कुणाच्याही कार्यात आहेराची साडी देतात ती कधीच दुकानातून आणत नाहीत. त्यांना आलेलीच पुढं सरकवतात. एकदा मी त्यांना दिलेल्या साडीच्या पदराच्या आतल्या कोपऱ्यात एक लाल टाका घालून ठेवला. ती साडी कुठंकुठं फिरून आमच्याच घरी बारशाला परत आली, टाक्यासकट. घेऊन आलेल्या बाईंनी वर सांगितलं, खास तुमच्यासाठी सोलापूरहून आणली. मी लेखात अक्कांचं नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती.

तर एका सोमवारी, चांगला वार म्हणून, यजमानांनी थीम पक्की केली. निळी. त्याच आनंदात त्यांनी स्क्रीनच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलला आणि आमच्या समाजाच्या नमस्कारासकट घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला: “शरणु शरणार्थी. सौ. शिवलीला यांचा ब्लॉग आजपासून सर्वांसाठी खुला.”

मी शाळेत मधल्या सुट्टीत ते वाचलं. लिंक दाबली. उघडेना. पुन्हा दाबली. साइट सापडत नाही, असं फोन सांगू लागला. शेजारी आमच्या कॉम्प्युटरच्या बाई ज्ञानेश्वरी बसल्या होत्या. त्यांनी पत्ता बघितला आणि हसू दाबत म्हणाल्या, “अहो बाई, हा पत्ता घरच्या मशिनीचा हाय. कुठल्याबी फोनवर दाबला की तो फोन सोताच्याच पोटात शोधत बसणार. तुमच्या घरचा कॉम्प्युटर सोडला तर जगात कुठंच उघडायचा न्हाय.”

आता ग्रुपवर चूक झाली म्हणून कसं सांगावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात फोन वाजायला लागला.

“अप्रतिम! समाजाला दिशा देणारं लेखन,” बसप्पा काका.

“मामी, शेवट तर खतरनाक,” पुण्याचा भाचा.

“मनाला भिडलं. एकच सूचना, अक्षर थोडं मोठं असावं,” यजमानांचे सोलापूरचे साडू.

आणि उमादेवी अक्का: “वाचताना डोळे भरून आले गं. आपल्या माणसांवर किती माया करतीस.”

ज्ञानेश्वरीबाई माझ्या फोनकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की हेडमास्तर दारातून डोकावले. पण हसणं थांबल्यावर मी ते निरोप पुन्हा एकदा वाचले. इतक्या जणांत एकानंसुद्धा लिंक दाबून बघितली नव्हती. दाबली असेल तर उघडत का नाही असं विचारायचीही कुणाला गरज वाटली नव्हती.

घरी आले तर यजमान हवेत. मी सरळ सांगितलं, ब्लॉग कुठंच उघडत नाही.

“कसं शक्य हाय?” ते म्हणाले. “इतक्या लोकांनी वाचलंय की.”

“तुमच्या फोनवर उघडून बघा.”

त्यांनी बघितलं. मग फोन उंच धरून बघितला. मग गच्चीवर जाऊन बघितलं. खाली येऊन फोन चार्जिंगला लावला. म्हणाले, “आता कशाला बोलायचं? लोकांना वाईट वाटंल. तसं बगितलं तर काम झालंच की. लोक खूश, तू खूश.”

खरं सांगते, दोन दिवस मलाही गोड वाटलं. बाजारात लोक थांबवून अभिनंदन करायचे. दळण आणायला गेले तर गिरणीवाला म्हणाला, बाई, तुमचं नाव लई गाजतंय. न वाचता झालेल्या कौतुकाची एक सोय असते, त्यात कुणी दुखावत नाही. अक्का रोज सकाळी मला फुलांचं चित्र पाठवू लागल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि बसप्पा काकांनी जाहीर केलं, मंडळातर्फे शिवलीलाबाईंचा सत्कार. शाल, श्रीफळ, फ्लेक्स. फ्लेक्सवर माझ्यापेक्षा काकांचा फोटो मोठा होता, पण तो आमच्याकडचा रिवाजच आहे.

सगळं असंच चाललं असतं. पण सत्काराच्या आधी काका घरी आले. चहा झाला, सुपारी झाली. मग घसा साफ करून म्हणाले, “ताई, एक काम हुतं. तुमच्या लेखनावर मला दोन शब्द बोलायचेत. तर ते जरा तुमीच लिहून द्या की.”

“मी?”

“म्या वाचलंय सगळं,” ते घाईनं म्हणाले, “पण तुमच्या शब्दात आलेलं बरं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहायचं मी, वाचल्याचं सोंग यांनी करायचं, आणि भारावून कसं जायचं तेही मीच लिहून द्यायचं! यजमान मला डोळ्यांनी खुणावत होते, देऊन टाक. मी म्हटलं, “देते काका. उद्या सगळ्यांनाच देते.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ज्ञानेश्वरीबाईंना थांबवून घेतलं. फुकटात मिळणारा साधा ब्लॉग त्यांनी चहा निवायच्या आत उघडून दिला. पांढरा कागद, काळी अक्षरं. थीम कुठली घालू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जी आहे ती राहू द्या. ‘फिरती साडी’ चिकटवला. बटणावर बोट ठेवलं आणि क्षणभर अक्का डोळ्यांपुढं आल्या. ती फुलांची चित्रं बंद होणार होती. सत्कार जाणार होता. घरात काय होईल ते तर विचारायलाच नको. पण कुणी एकानं तरी वाचावं म्हणून तर मी हे सगळं लिहिलं होतं. दाबलं बटण.

मग ग्रुपवर लिहिलं: “सोमवारी दिलेला पत्ता चुकीचा होता. तो आमच्या घरचा कॉम्प्युटर सोडून कुणाकडंच उघडला नसणार. हा खरा पत्ता. वाचून कळवा.”

संदेश वाचलेल्यांच्या यादीत एकेक नाव येत गेलं. आणि मग आमच्या ग्रुपवर, जिथं पहाटेपासून सुविचारांचा पूर असतो, तिथं कुणी चकार शब्द काढेना. अंगठा नाही, फूल नाही, जोडलेले हात नाहीत. पुण्याच्या भाच्याला शेवट आता खतरनाक वाटला की नाही, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाचा निरोप आला: हॉल मिळत नसल्यामुळं सत्कार पुढं ढकलला आहे. हॉल बसप्पा काकांचा स्वतःचा आहे.

यजमान माझ्याशी बोलत नव्हते. आप्पा भिंतीकडं बघून म्हणत होते, सूनबाईनं जरा इचार करायला पाहिजे हुता.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, कणीक भरल्या हातानं स्पीकरवर घेतला. यजमान आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“शिवलीला!” अक्का कडाडल्या. “म्या साड्या फिरवते व्हय गं? आं? साऱ्या भावकीत माझी अब्रू काढलीस!”

“अक्का, तुम्ही तर आधीच वाचलं होतं ना? डोळे भरून आले होते.”

जरा खाली उतरलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “तवा न्हवतं वाचलं.”

“आणि आता?”

“आता वाचलं! अख्खं वाचलं. दोनदा वाचलं, चष्मा लावून! अन् त्यात ते जे तू लिहिलंस, म्या साडीची घडी मोडू नये म्हणून ती मांडीवरबी घेत न्हाय म्हणून, ते तुला कुणी सांगितलं? ते बगायला तू कवा आली हुतीस माझ्या घरी?”

ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी मनानं लिहिलं होतं, असंच असणार म्हणून. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अक्का तिकडं बोलत होत्या, या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणत होत्या, आणि मी कणकेच्या हातानं डोळे पुसत होते. दोनदा वाचलं! एवढ्या वर्षांत मला इतकं सुख कुणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, “अक्का, अजून बोला.” त्यांना वाटलं मी चेष्टा करते, त्यांनी फोन आपटला.

यजमान दारातच उभे होते. “इतकं काय लिहिलंयस तू?” त्यांनी विचारलं.

“वाचा की.”

ते जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले. मी कणीक तशीच सोडून दाराशी आले. मला त्यांची पाठ आणि खांद्यावरून स्क्रीन दिसत होती. माउस हलत नव्हता, खिडकी कुणी अरुंद करत नव्हतं. पान हळूहळू वर सरकत होतं. एका ठिकाणी त्यांचे खांदे हलले. नाकातून हसल्याचा आवाज आला.

माझ्यानं राहवलं नाही. “कुठं हसलात?”

त्यांनी मागं न बघता हात वर केला.

“थांब की,” ते म्हणाले, “वाचतोय.”