प्रेसशेजारच्या नळ्या

ज्योतीरामच्या जिभेच्या कडेला तीन महिने जखम होती. डॉक्टरांनी जखमेचा तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं, आणि हा दवाखान्यात जात नव्हता. कारण कारखान्यातल्या रक्ततपासणी शिबिराचा रिपोर्ट. त्यावर मोठा हिरवा गोल, खाली छापलेलं, ‘निश्चिंत राहा’.

“बाई, रक्तातलं मायक्रोआरएनए तपासलंय,” तो मला म्हणाला. “आता तुकडाबिकडा काढायची गरज न्हाई.”

चाकणच्या शाळेत मी त्याला विज्ञान शिकवलं होतं. त्याची बायको कस्तुरा मला मुद्दाम घरी घेऊन आली होती. तेवढ्यात निरंजन आला. तपासणी करणाऱ्या कंपनीचा माणूस, जाहिरातीसाठी ज्योतीरामचा हसरा फोटो काढायला.

“मायक्रोआरएनए म्हणजे काय रे?” मी निरंजनला विचारलं.

“पेशीतलं एकदम अ‍ॅडव्हान्स मटेरियल, मॅडम.”

सातवीतल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला जवळ बसवून पुन्हा समजावलं असतं. न येणं हा गुन्हा नाही. पण हा शहाणा न येणारी गोष्ट टाय लावून विकत होता.

मी ज्योतीरामकडे वळले. “पेशीत प्रथिनं बनवायच्या चिठ्ठ्या फिरत असतात. मायक्रोआरएनए म्हणजे त्या चिठ्ठ्या अडवणारे इवलेसे धागे. कर्करोगात काही धागे वाढतात, काही घटतात, थोडे रक्तात उतरतात. त्यांवरून रोग ओळखता येईल का, त्यांनाच रोखून औषध करता येईल का, यावर शास्त्रज्ञ घाम गाळताहेत. पण नमुना नीट ठेवावा लागतो. तुमच्या रक्ताच्या नळ्या कुठं होत्या?”

“आमच्या पत्रा ठोकायच्या पावर प्रेसशेजारच्या टेबलावर. शिबिर कॅन्टीनमधी व्हायचं, पण तिथं साहेबांची मीटिंग होती.”

“आणि प्रेस चालू?”

“मग! प्रॉडक्शन थांबतंय व्हय? दुसऱ्या शिफ्टचं रक्त काढून होईस्तोवर नळ्या ठोक्या-ठोक्याला नाचत होत्या.”

“रक्त वेगळं करायच्या मशीनमध्ये नळ्या फिरवल्यावर वरचा द्रव कसा दिसला?” मी निरंजनला विचारलं.

“लालभडक, मॅडम! हेल्दी ब्लड.”

“तो फिकट पिवळा असायला हवा. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांचेच धागे सांडतात आणि सगळं मोजमाप बिघडतं. तुम्ही फुटक्या पेशी मोजल्यात.”

निरंजन फोनमध्ये बघू लागला.

कस्तुरानं त्याच्यापुढे वही-पेन ठेवलं. “भाऊ, एवढंच लिहून द्या, तुकडा काढायची गरज नाही. खाली सही करा.”

“ताई, तसं नाही देता येत. रिपोर्टच्या मागं बारीक अक्षरात आहेच की, हे निदान नव्हे म्हणून.”

ज्योतीरामनं कागद उलटला. एक-एक शब्द बोटानं वाचला.

“म्हंजी जीभ माझी आन् निश्चिंत तुमी?”

फोटो निघाला नाही.

त्या गुरुवारी ज्योतीराम दवाखान्यात गेला. कर्करोगच निघाला, पण लहान. जिभेची कड काढून भागलं. आणखी महिनाभर थांबला असता तर निम्मी जीभ गेली असती, असं डॉक्टर त्याला सांगत होते. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. जा म्हणून इतके दिवस मागं लागलेल्या कस्तुराकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.